सिस्टरच्या गाडीची किंकाळी

गिऱ्हाइकानं आधी गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवायचा, मगच मी पान्याला हात लावणार, असा माझ्या गॅरेजचा नियम होता. सेनगावात बसस्टँडच्या मागं पत्र्याच्या शेडात मी वीस-बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. तेवढ्या काळात चांगल्या चांगल्या माणसांना माझ्यापुढं उभं करून मी खर्रर, टकटक आणि चुईंचुईं करायला लावलं. त्यात सरपंच होते, ग्रामसेवक होते, दोन हेडमास्तर होते. एक वकीलसाहेब तर काळ्या कोटात, भर बाजारच्या दिवशी, इतका हुबेहूब आवाज काढायचे की शेवटी मी म्हणालो, "साहेब, गाडी घरीच ठेवत जा. तुमी एकटे आले तरी भागतंय."

लोकांना वाटायचं मिस्त्री थट्टा करून राहिला. थोडी करतही होतो, खोटं कशाला बोलू. पण त्यामागं कारण होतं. दवाखान्याच्या पायरीवर लेकराचा खोकला थांबतो, तशी गॅरेजच्या दारात आली की गाडी शहाण्यासारखी वागते. रस्त्यानं बोंब मारत आलेली गाडी माझ्यासमोर तोंड उघडत नसे. मग मालक ओशाळून म्हणायचा, "आत्ताच करत व्हती हो!" म्हणून मालकाच्याच तोंडून ऐकलेलं बरं.

कान मला घरातूनच मिळाला. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. कळपातलं कोणतं मेंढरू लंगडतंय हे माझे वडील पाठमोरे बसून, तंबाखू मळता मळता सांगत. मी मेंढरं सोडून गाड्यांकडं वळलो तेव्हा ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. नंतर एकदा गॅरेजवर आले, तासभर बसले आणि जाताना म्हणाले, "हितंबी वरडतच राहतेत की." तेव्हापासून माझ्या धंद्याला त्यांची परवानगी मिळाली असं मी धरून चाललो.

ज्यांना या कामातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोटारसायकलचं इंजिन फिरतं, पण त्याचं फिरणं मागच्या चाकापर्यंत पोचवायला मधे चेन असते. बहुतेक विचित्र आवाज हिच्यापाशीच जन्म घेतात. ढिली चेन आपल्या पत्र्याच्या डब्यावर थापट्या मारते. कोरडी पडली की किरकिर करते. दातऱ्याचं चाक झिजलं असेल तर मधूनच कट्‌कन दात चुकतो. कोरड्या चेनला ऑइल पाजलं की दहातल्या सात गाड्या गप्प होतात. उरलेल्या तिनांत खरी विद्या लागते, आणि त्या तिनांवरच माझं नाव झालं.

नाव होण्यासारख्या केसेसही आल्या. औंढ्याच्या रस्त्यावरचे एक गुरुजी पंधरा दिवस 'टिणटिण' घेऊन फिरत होते. दोन गॅरेजांत चेन बदलून झाली होती. मी त्यांना थोडं फिरवून आणलं आणि डिकीतल्या रिकाम्या डब्यातला चमचा काढून त्यांच्या हातात दिला. सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरणारा एक जण आला, त्याची चेन खसखस करायची. डबा उघडला तर आत वाळलेल्या खवल्यांचा थर. ती गाडी दिवसभर माझ्याकडं उभी होती, तेवढ्यात बसस्टँडवरची सगळी मांजरं येऊन गेली. अशा दोन-चार गोष्टी फुटल्या की माणूस शेफारतो. मी शेफारलो होतो. चहाच्या टपरीवर बसून मी लांबून जाणाऱ्या गाडीचा आजार सांगायचो आणि तिच्या मालकाला त्याची खबरही नसायची.

अशा भरात सुमन सिस्टर माझ्याकडं आल्या. दोन हजार सालाच्या पुढच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. सेनगावपासून नऊ-दहा किलोमीटरवरच्या एका गावात उपकेंद्रावर त्या नर्स होत्या, आणि सासरही त्याच गावात. हाताखाली चार गावं आणि एक तांडा. आधी त्या लसीचा बर्फाचा डबा खांद्याला अडकवून जीपला लोंबकळत जायच्या आणि जीप नसली की पायी. अक्षय्य तृतीयेला त्यांनी स्वतःच्या पगारातून बिनगेअरची गाडी घेतली. खळ्यावर शिकल्या, दोनदा बाभळीत पडल्या आणि तिसऱ्या दिवशी तांड्यावर जाऊन आल्या. त्या भागात बाईमाणसानं गाडी चालवण्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. निदान गाव तसं सांगायचं.

मी नियमाप्रमाणं म्हणालो, "आवाज करून दावा."

सिस्टरनं इकडंतिकडं पाहिलं, पदर खोचला आणि "कींऽऽऽऽ" अशी किंकाळी फोडली की शेजारच्या टपरीवाल्याच्या हातून बशी सुटली.

"असा आवाज?"

"ह्याच्यापेक्षा मोठा," त्या म्हणाल्या. "आन मिस्त्री, हसू नका. माझी गाडी चालली हो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गावाच्या अलीकडं ओढा आहे, ओढ्यानंतर चढ. पोळा झाल्यापासून चढाला लागली की गाडी किंकाळी फोडायची आणि ती अख्ख्या गावाला ऐकू जायची. गावातल्या लेकरांना आठवडाभरात हिशेब कळला: कींऽऽ आली म्हणजे सुई आली. सिस्टर चढ चढून वर येईपर्यंत गावात पाच वर्षांचं, दहा वर्षांचं एक पोरगं दिसायचं नाही. कुणी तुरीत, कुणी माळ्यावर. एक जण कोंबड्यांच्या डालग्याखाली सापडला होता, तोही कोंबडीनं वरडून सांगितलं म्हणून. लसीचं रजिस्टर कोरं चाललं होतं. आणि सिस्टरचा नवरा दत्ता चौकात लोकांची बोलणी खाऊन कावला होता.

"लोकं त्याला म्हनतेत, तुझी बायको निघाली रे, भोंगा झाला," सिस्टर म्हणाल्या. "त्यानं हिंगोलीचं गिऱ्हाईक पाहिलंय. सोमवारी येऊन गाडी घेऊन जानार. आज शुक्रवार हाय. आवाज गेला तर गाडी राहते, न्हाई तर मी पुन्हा पायी."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "सिस्टर, गाडी कुठं बी जात न्हाई."

असं बोलण्याआधी मी गाडीखाली एकदा वाकून पाहायला हवं होतं. नंतर पाहिलं तर तिला चेनच नव्हती. या गाड्यांना चेनच्या जागी डाव्या अंगाला बंद डब्यात रबरी पट्टा असतो. मी आयुष्यात पट्टा पाहिला होता तो यासीनभाईच्या पिठाच्या गिरणीत. पण गिऱ्हाइकासमोर 'मला ठाऊक नाही' असं म्हणायची सवय मला नव्हती. गंभीर चेहऱ्यानं डब्यावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणालो, "चढावर ऐकावं लागंल."

सिस्टरना दुपारी गावात लस द्यायचीच होती. मी मागं बसलो. पट्ट्याचा डबा मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला, खाली. तिथला आवाज नीट ऐकायचा तर कान तिथंच न्यायला पाहिजे. म्हणून ओढा लागताच मी उजव्या हातानं मागचं कॅरिअर धरलं आणि कमरेतून डावीकडं लोंबलो, इतका की डोक्याचा रुमाल धुळीला लागत होता. चढ आला, आणि माझ्या कानात अशी किंकाळी घुसली की अजूनही त्या कानानं मला फोनवर कमी ऐकू येतं.

"ऐकू आली का?" सिस्टरनं वरून विचारलं.

"जरा हळू घ्या!" मी खालून म्हणालो.

आम्ही या अवतारात गावात शिरलो. पहिल्याच घरासमोर एक म्हातारी शेंगा निवडत होती. तिनं मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आगं माय, सिस्टरनं पेशंट आणला! मेलं का जिवंत हाय ते?"

"जिवंत हाय," मी उलटाच म्हणालो.

"आन मंग असं काहून?"

त्यानंतर जे झालं ते मी बेरजेत धरलंच नव्हतं. किंकाळी ऐकून लेकरं नेहमीप्रमाणं पळाली खरी, पण उलटा लटकलेला माणूस गावात आल्याची बातमी त्यांच्या मागोमाग तुरीत पोचली. आधी एक डोकं वर आलं, मग तीन, मग माळ्यावरून एक जण सरपटत उतरला. सिस्टरनं गाडी शाळेपुढच्या पारापाशी थांबवली तेव्हा आमच्याभोवती पोरांचं कडं पडलं होतं. मी सरळ होऊन बसू लागलो तसं सिस्टर दबक्या आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, पाया पडते, आनखी थोडं लटका."

मी लटकलो. चालू गाडीच्या चाकापाशी कान लावून मान हलवत, "हं... हं..." करत राहिलो. पोरं तोंड उघडी टाकून माझ्याकडं पाहत होती आणि सिस्टर मागून एकेकाचा दंड धरून काम उरकत होत्या. तेरा पोरं झाली. चौदावं रडलं आणि मग सगळ्यांना उमगलं. माझं काम इतक्या मनापासून कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही. माझी कंबर मात्र पुढं आठ दिवस धरली होती.

तिथून सिस्टरच्या घरी गेलो. मागोमाग निम्मं गाव. अंगणात एका बाजूला दावण, दोन बैल, पाच-सहा शेळ्या. दावणीपाशी दगडावर सिस्टरचे सासरे लिंबाजीबप्पा बसले होते. फारसं न बोलणारा म्हातारा. गाडी घरात आल्यापासून त्यांनी एकदाही तिच्यावर पाय टाकला नव्हता, हे सिस्टरनी मला वाटेतच सांगितलं होतं. दत्ता खाटेवर बसून होता.

"काय मिस्त्री, सापडलं का दुखनं?" दत्तानं विचारलं.

एवढी माणसं समोर, त्यात तासभर लटकून मिळालेला मान. डोकं ठिकाणावर राहिलं नाही. "दोन मिनिटाचं काम," मी म्हणालो. डब्याच्या मागच्या अंगाला हवेचं एक भोक होतं. पिशवीतली ऑइलची बुधली काढली, तिचं नळकांडं भोकात घातलं आणि तीन पिचकाऱ्या मारल्या.

आता सांगायला लाज वाटते. चेन दातऱ्याच्या चाकात अडकून चालते, म्हणून तिला ऑइल पाहिजे. पट्टा कशात अडकत नाही. तो चाकाला घट्ट चिकटून, घासून चालतो. त्याला ऑइल म्हणजे विष. हे मला ठाऊक होतं. मी कधी ऑइलची बुधली घेऊन गिरणीत शिरलो की यासीनभाई दारातूनच ओरडायचे, "वो बाहर रख, मेरे पट्टे को नजर मत लगा!" पण बैलगाडी कुरकुरली की आखाला वंगण, कडी कुरकुरली की तेल, चेन कुरकुरली की ऑइल, असं आमच्याकडं हाताला लहानपणापासून वळण. डोक्याला कळायच्या आधी हात करून मोकळा होतो.

मी गाडी चालू केली, चढ आहे असं समजून जोरात मूठ पिळली. इंजिन गरजलं. किंकाळी नाही. मी विजयानं सगळ्यांकडं पाहिलं. मग लक्षात आलं की गाडीही जागची हललेली नाही. पुन्हा पिळली. इंजिन बोंबलतंय आणि गाडी नैवेद्याची वाट पाहणाऱ्या देवासारखी स्वस्थ.

"व्वा," दत्ता म्हणाला. "आवाज गेला, गाडीबी गेली. आता सोमवारी भंगारवाल्यालाच बलावतो."

 सिस्टर बर्फाचा डबा खांद्यावरून न उतरवताच दाराच्या चौकटीला टेकल्या. मघाशी तेरा पोरं पकडणारी ती बाई एकदम दमल्यासारखी दिसली आणि ते माझ्यामुळं होतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शेवटी मी खाली बसलो आणि डबा खोलला. हेच सकाळी करायला पाहिजे होतं.

आत पट्टा पिवळा होता. चाकंही पिवळी. ऑइलचा ओघळ सोडला तर सगळीकडं पिवळा, चिकट, धूळ बसलेला थर. मी बोटानं उचलून वास घेतला. हळद, आणि हळदीखाली खवट झालेलं तूप.

शेंगावाली म्हातारी मागून डोकावत होती. "करनी!" ती किंचाळली आणि निम्मं गाव दोन पावलं मागं सरकलं. कुणी लिंबू आणा म्हणालं, कुणी दांडेगावच्या बाबाला बलवा म्हणालं.

मी यंत्राचा माणूस, करणीबिरणी मानत नाही. पण त्या घटकेला मला कुणाच्या तरी अंगावर हे ढकलायचं होतं, कारण गाडी बंद पडली ती माझ्या पिचकारीनं. मी उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "करनी न्हाई. हे घरातल्याच मानसाचं काम हाय. ह्या तुपानंच पट्टा सटकून किंचाळत व्हता. ज्याला गाडी डोळ्यापुढं नको, त्यानं हे केलं." आणि थेट म्हाताऱ्याकडं वळलो. "बप्पा, गाडी नको व्हती तर तोंडानं सांगायचं व्हतं. अशी तकलीफ काहून दिली सिस्टरला?"

बप्पा दगडावरून उठले. गाडीपाशी आले, वाकून पिवळ्या पट्ट्याकडं बराच वेळ पाहिलं.

"म्या केलं," ते म्हणाले. "पन ते लागत न्हाई हे कुणी सांगितलंच न्हाई मला."

"काय केलं, बा?" दत्ता उठून उभा राहिला.

"खांदेमळणी."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात. वर्षभर जू ओढलेला खांदा असतो, त्याला तेवढाच आराम. मग त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. ही गाडी रोज दावणीपाशीच उभी असायची.

"दोन्ही बैलांचे मळले," बप्पा सांगू लागले. "मंग ही दिसली. हिचा खांदा काही सापडंना. मुठीला लावलं, तर म्हनलं सुनंचा हात घसरंल, म्हनून पुसून काढलं. मंग हे भोक दिसलं. तूप पातळ करून ओतलं. वाटीभर बसलं."

गावात पहिल्यांदा कुणीतरी फिस्कन हसलं आणि मग सगळेच हसायला लागले. मीही हसलो. दत्ता मात्र चिडला. "बा, ते लोखंड हाय! लोखंड थकतंय व्हय?"

"लोखंड काहून थकंल," बप्पा म्हणाले. "थकती ती." त्यांनी दाराकडं पाहिलंही नाही. "चार गावं अन् तांडा, रोजचं. डबा लटकवून लटकवून खांद्याला वळ पडले. मला दिसत न्हाई व्हय? पन सुनंच्या खांद्याला सासऱ्यानं हात लावावा कसा? म्हनलं, तिला जे वाहून नेतंय, त्याचा तरी मळावा."

हसणं थांबलं. दत्ता पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. सिस्टरनी खांद्यावरचा डबा उतरवून खाली ठेवला आणि घाईघाईनं आत गेल्या. आत भांड्यांचा उगाच आवाज होत राहिला. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी बप्पांचे पाय धरले तर ते म्हणाले, "पाय सोड, पट्टा धर."

पट्टा साबणाच्या पाण्यानं तीनदा धुतला, दोन्ही चाकं पेट्रोलनं पुसली, सगळं उन्हात वाळवलं. माझं ऑइल आणि बप्पांचं तूप एकाच ओघळानं नालीत गेलं. दिवस कलता कलता डबा बसवला. गाडी ओढ्यात नेली आणि चढावर घातली. हवेचा नुसता सूंऽ आवाज. दत्तानं स्वतः दोनदा वर-खाली नेऊन खात्री केली आणि हिंगोलीच्या गिऱ्हाइकाला निरोप धाडला की येऊ नका, गाडी घरचीच आहे.

पोरांनी पुढं कितीतरी आठवडे माझ्या नावानं खडे फोडले. गाडी आता बिनआवाजाची येऊन सरळ दारात उभी राहायची.

पुढच्या पोळ्याला बप्पांचं मला आवतण आलं. बैलांची पूजा झाली, त्यांना पुरणपोळी दिली, गाडीलाही हार घातलेला होता. मग पाट मांडले. पुरुषांच्या पंगतीत सिस्टरना बसवलेलं पाहून शेजारपाजारच्यांनी एकमेकांकडं पाहिलं, पण बप्पांना कोण बोलणार? पोळ्या वाढून झाल्या तसे बप्पा तुपाची वाटी घेऊन उठले. ते गाडीच्या बाजूनं निघाले असं वाटून मी ताटावरून उठून आडवा झालो. त्यांनी मला कोपरानं बाजूला सारलं, सिस्टरच्या पाटापुढं गुडघे मोडून बसले आणि तिच्या पोळीवर तूप धरलं. सासऱ्यानं सुनेला वाढताना मी तोवर पाहिलं नव्हतं. "पुरे मामा, पुरे," सिस्टर म्हणत होत्या, तूप ताटाबाहेर चाललं होतं, आणि म्हातारा वाटी काही सरळ करत नव्हता.